विश्लेषण : पाटी, पाकीट आणि लोगो… छोट्या व्यावसायिकाने ग्राफिक डिझायनरवर खर्च का करावा?

'फ्लेक्सवाला फुकटात डिझाइन करून देतो, मग त्याचे वेगळे पैसे कशाला?' तालुक्याच्या गावात हा प्रश्न हमखास विचारला जातो. मात्र पाटीचा कायदा, पाकिटावरच्या लेबलचे नियम, मराठी अक्षरांची मोडतोड आणि लोगोची मालकी हे सगळे पाहिले तर डिझाइनची बचत अनेकदा महागात पडते. ती कशी आणि हा खर्च नेमका कुठे करावा, याविषयी…

वैजापूरसारख्या गावात नवा व्यवसाय सुरू होताना खर्चाची यादी साधारण ठरलेली असते. गाळ्याची अनामत, फर्निचर, माल, वजनकाटा, वीजजोडणी. पाटी आणि व्हिजिटिंग कार्ड यादीच्या अगदी शेवटी येतात. तोपर्यंत उद्घाटनाला दोन दिवस उरलेले असतात, पैसे संपत आलेले असतात आणि छपाईच्या दुकानात 'काहीतरी चांगले टाका' एवढीच सूचना दिली जाते. तिथला ऑपरेटर दहा मिनिटांत एक फोटो, चार रंग आणि सहा मोबाइल नंबर एकत्र करून देतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याला पैसे छपाईचे मिळतात, विचार करण्याचे नाही. आणि डिझायनरला दिले जाणारे पैसे हे मुख्यतः त्या विचाराचेच असतात.

वैजापूरसारख्या गावात हा प्रश्न आताच का?

गावातल्या दुकानाला वर्षानुवर्षे पाटीची फारशी गरज नव्हती. गिऱ्हाईक दुकानदाराला नावाने, अनेकदा त्याच्या वडिलांच्या नावाने ओळखत असे. ओळखीच्या माणसाला पाटी वाचावी लागत नाही. पाटी लागते ती अनोळखी माणसाला.

आता असे अनोळखी ग्राहक वाढण्याची शक्यता आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वैजापूर तालुक्यातून जातो आणि जांबरगावजवळ त्यावर चढता-उतरता येते. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्याचे लोकार्पण झाल्यानंतर हा मार्ग मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला. शिर्डीला जाणारा प्रवासी, बाजार समितीत माल घेऊन आलेला बाहेरगावचा शेतकरी, रोटेगाव स्थानकावर उतरलेला पाहुणा किंवा मोबाइलच्या नकाशावर दुकान शोधणारा तरुण यांच्यापैकी कोणालाही दुकानदाराचे वडील माहीत नसतात. त्यांच्यासमोर दुकानाची ओळख म्हणून पाटी, पाकीट किंवा मोबाइलवरचा एक छोटा फोटो एवढेच असते.

जो बचत गट आतापर्यंत ओळखीच्या घरांत पापड, मसाला किंवा लोणचे देत होता, त्यालाही हे लागू होते. तोच माल छत्रपती संभाजीनगर किंवा नाशिकच्या दुकानातील मांडणीवर गेला की त्याच्या शेजारी मोठ्या कंपन्यांची पाकिटे असतात. तिथे चव सांगायला कोणी उभे नसते.

डिझायनर नेमके काय करतो?

डिझायनर म्हणजे सजावट करणारा, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचे पहिले काम निवडीचे असते. आधी काय वाचले जावे, नंतर काय वाचले जावे आणि काय अजिबात नसले तरी चालेल, हे तो ठरवतो.

पाटीचे साधे गणित पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. पाटी ३० मीटरवरून दिसू लागली, तर चालकाला ती वाचायला तीन सेकंदही मिळत नाहीत. पाट्या बनवणाऱ्यांचा एक ठोकताळा असा की १० फुटांवरून सहज वाचता येण्यासाठी अक्षर निदान १ इंच उंच हवे. म्हणजे ३० मीटरवरून, सुमारे १०० फुटांवरून, वाचायचे असेल तर अक्षराची उंची १० इंचांच्या आसपास हवी. दहा फूट रुंद पाटीवर एवढी मोठी अक्षरे बसवायची तर शब्द मोजकेच बसतात. दुकानाचे नाव, तिथे काय मिळते आणि फार तर एक खूण.

याउलट नेहमीच्या फ्लेक्सवर नाव, घोषवाक्य, दहा वस्तूंची यादी, मालकाचा फोटो, देवाचा फोटो, चार नंबर आणि 'आमच्याकडे सर्व प्रकारचे…' अशी सुरुवात असलेले वाक्य असते. माहिती सगळी असते, पण गाडीवरून त्यातले काहीच वाचता येत नाही. डिझायनर दुकानदाराला आधी विचारतो, 'या यादीतल्या कोणत्या दोन वस्तूंसाठी गिऱ्हाईक आत येते?' या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पाटीचे अर्धे काम झालेले असते.

पाटीबाबत कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. त्याआधी दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना सूट होती. ती आता नाही. एकट्या माणसाच्या दुकानालाही देवनागरी लिपीत मराठी नामफलक बंधनकारक आहे. दुसऱ्या भाषेत नाव लिहायचे असेल तर लिहिता येते, मात्र मराठी अक्षरांचा आकार त्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने या तरतुदीविरोधात दाद मागितली होती. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

नियम एका ओळीचा असला तरी तो पाळताना गडबड होते. इंग्रजी नावाचा लोगो आधीच तयार असतो आणि मराठी नाव त्याखाली कुठेतरी कोंबले जाते. डिझायनर सुरुवातीलाच दोन्ही लिप्यांचा तोल धरून लोगो तयार करतो, त्यामुळे पुढे पाटी पुन्हा करावी लागत नाही.

साहित्याबाबतही एक नियम लक्षात ठेवायला हवा. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही आहेत. स्वस्तातला पातळ बॅनर लवकर फाटतो आणि नियमातही बसत नाही.

पाकिटावर चूक झाली तर किती महाग पडते?

खरी जोखीम इथे आहे. समजा, एका बचत गटाने २०० ग्रॅमच्या कांदा-लसूण मसाल्यासाठी ५ हजार छापील पाऊच मागवले आणि एका पाऊचला ४ रुपये पडले. म्हणजे २० हजार रुपये माल भरण्याआधीच गुंतले. त्यावर परवाना क्रमांकाचा एक आकडा चुकला किंवा सक्तीची एखादी ओळ राहिली, तर सगळा गठ्ठा बाजूला ठेवावा लागतो. प्रत्येक पाकिटावर स्टिकर लावून वेळ मारून नेता येतेच असे नाही.

छपाईच्या पद्धतीमुळे हा खर्च आणखी वाढू शकतो. मोठ्या संख्येने पाऊच छापताना बहुतेकदा ग्रॅव्ह्यूर पद्धत वापरली जाते. त्यात प्रत्येक रंगासाठी एक वेगळा कोरीव सिलिंडर लागतो. सहा रंग म्हणजे सहा सिलिंडर. मजकूर बदलला की तो मजकूर ज्या रंगात आहे, त्याचा सिलिंडर नव्याने करावा लागतो. अनुभवी डिझायनर म्हणून दोन गोष्टी करतो. रंग कमी ठेवतो आणि बदलू शकणारा मजकूर, म्हणजे किंमत, तारीख, बॅच क्रमांक, यासाठी कोरी जागा सोडतो. मागणीचा अंदाज नसेल तर सुरुवातीला साधा पाऊच आणि त्यावर चिकटवायचे लेबल किंवा सिलिंडर न लागणारी डिजिटल छपाई सुचवतो.

लेबलवर काय काय हवे?

पाकीटबंद खाद्यपदार्थाला प्रामुख्याने दोन नियमावल्या लागू होतात. पहिली, वैधमापनशास्त्राचे २०११ चे आवेष्टित वस्तू नियम. दुसरी, 'एफएसएसएआय'ची लेबलविषयक २०२० ची नियमावली. दोन्ही मिळून साधारणपणे पुढील गोष्टी लागतात : पदार्थाचे नाव, घटक पदार्थांची यादी, उत्पादक किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर, उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत, बॅच क्रमांक, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, 'एफएसएसएआय'चे चिन्ह आणि १४ अंकी क्रमांक, शाकाहारी किंवा मांसाहारी चिन्ह. लागू असेल तिथे पोषणमूल्ये आणि ॲलर्जीची सूचनाही द्यावी लागते.

केवळ मजकूर असून भागत नाही, त्याचा आकारही ठरलेला आहे. आकडे आणि अक्षरे यांच्या किमान उंचीचे नियम आहेत. पाकिटाचा मुख्य दर्शनी भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल, तर शाकाहारी चिन्हातील हिरव्या ठिपक्याचा व्यास किमान ३ मिलिमीटर हवा. भाग मोठा झाला की ठिपकाही मोठा करावा लागतो.

मराठी व्यावसायिक हमखास फसतो ती जागा भाषेची आहे. दुकानाच्या पाटीवर मराठी सक्तीची आहे, पण लेबलवरील सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असावी लागते. मराठी मजकूर त्याबरोबर देता येतो, त्याऐवजी नाही. संपूर्ण मराठीत केलेले देखणे लेबल त्यामुळे नियमात अपुरे ठरू शकते. चुकीच्या लेबलचा, म्हणजे 'मिसब्रँडेड' अन्नाचा, दंड अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ नुसार ३ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

अर्थात, डिझायनर म्हणजे वकील नव्हे. लेबलवरील माहितीची जबाबदारी शेवटी व्यावसायिकाचीच असते. पण ज्याने आधी दहा-वीस लेबले केली आहेत, तो काय राहिले आहे हे छापण्यापूर्वी विचारतो. हा एक प्रश्नच अनेकदा त्याच्या मानधनापेक्षा जास्त पैसे वाचवतो.

मराठी अक्षरे का तुटतात?

'दुकानदाराने बरोबर लिहून दिले, छापून मात्र भलतेच आले' ही तक्रार नेहमीची आहे. त्याचे कारण तांत्रिक आहे. संगणकावरील जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये प्रत्येक कंपनीची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी होती. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अगम्य चिन्हे दिसतात. युनिकोडमुळे ही अडचण दूर झाली, कारण त्यात प्रत्येक अक्षराचा संकेत एकच असतो. पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सोय चालू केलेली नसेल, तर युनिकोड मजकूरही मोडतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरे पाय मोडल्यासारखी सुटी होतात.

मराठीची म्हणून आणखी एक अडचण आहे. 'ऱ्य' हे जोडाक्षर हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या अनेक फॉन्टमध्ये नीट उमटत नाही. मसाल्याच्या पाकिटावर 'आचाऱ्यांची पसंती' लिहायचे असते आणि छापले जाते 'आचार्यांची पसंती'. स्वयंपाक करणाऱ्याच्या जागी थेट गुरुजी येतात. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणेही हिंदी फॉन्टमध्ये वेगळी दिसतात.

यावर उपाय आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने तयार केलेले 'मुक्त' आणि 'बालू' हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर मोफत मिळतात आणि व्यवसायासाठी वापरता येतात. चांगला डिझायनर योग्य फॉन्ट निवडतो आणि छपाईला फाइल पाठवण्यापूर्वी अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर करतो. मग छपाईवाल्याकडे तो फॉन्ट नसला तरी अक्षर बदलत नाही.

मोबाइलवर छान, छापल्यावर खराब. असे का होते?

मोबाइलचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग तयार करतो. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया लागतात. पडद्यावरचा चमकदार पोपटी किंवा गडद निळा रंग या शायांतून जसाच्या तसा निघत नाही. म्हणून छपाईची फाइल सुरुवातीपासूनच छपाईच्या रंगपद्धतीत करावी लागते.

दुसरा प्रश्न चित्राच्या सुबकतेचा. कागदावरील छपाईसाठी एका इंचात साधारण ३०० ठिपके हवेत. मोबाइलमधला १२०० बाय ९०० पिक्सेलचा फोटो या हिशेबाने फक्त ४ बाय ३ इंच आकारात स्वच्छ छापता येतो. तोच फोटो १० फूट रुंद फ्लेक्सवर ताणला तर एका इंचाला जेमतेम १० पिक्सेल उरतात. फ्लेक्स लांबून पाहिला जातो, त्यामुळे त्याला कमी ठिपके चालतात, पण इतके कमी नाहीत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आणखी लहान होते. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर हे टळते.

लोगोसाठी यावर कायमचा उपाय म्हणजे व्हेक्टर फाइल. त्यात चित्र ठिपक्यांनी नव्हे, तर रेषांच्या गणिताने साठवलेले असते. त्यामुळे एकच फाइल बाटलीच्या झाकणावर आणि इमारतीच्या भिंतीवर सारखीच स्वच्छ उमटते.

मूळ फाइल हातात असणे का महत्त्वाचे?

याचे उत्तर जिल्ह्यातील व्यावसायिकांना २०२३ मध्ये मिळाले. त्या वर्षी फेब्रुवारीत औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आणि सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचे नावही बदलले. पत्त्यात जिल्ह्याचे नाव असलेली बिले, लेबले, कार्डे आणि पाट्या बदलण्याची वेळ आली. मूळ फाइल जवळ असेल तर हे एका ओळीचे काम असते. फक्त छापील नमुना किंवा मोबाइलमधला फोटो असेल, तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. नवा मोबाइल नंबर, दुसरी शाखा, बदललेला परवाना क्रमांक, प्रत्येक वेळी हेच घडते.

पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला का?

नाही, आपोआप होतोच असे नाही. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क सर्वसाधारणपणे मालकाकडे जातो. बाहेरच्या डिझायनरने केलेल्या कामाचे तसे नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार रचनेचा पहिला हक्क सामान्यतः ती रचना करणाऱ्याचा असतो. तो हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि क्षेत्र लिहिले नसेल तर फक्त भारत. म्हणून 'या लोगोचे सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी हस्तांतरित करीत आहे' अशा आशयाचा एक कागद करून घेणे शहाणपणाचे ठरते.

ट्रेडमार्क ही पुढची पायरी आहे. वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. इतरांना ते ९ हजार रुपये आहे. नोंदणी १० वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. तेच नाव आधी कोणी घेतले आहे का, हे ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. हा शोध लोगो करण्याआधी घ्यावा. नुसते गावाचे आणि वस्तूचे नाव जोडून केलेली नावे नोंदवताना अडचण येते, हेही लक्षात ठेवावे.

कॅनव्हा आणि एआय असताना डिझायनर कशाला?

रोजच्या कामाला ही साधने चांगली आहेत. सणाच्या शुभेच्छा, 'आज दुकान बंद' अशी सूचना, आठवड्याची सूट, यासाठी मोबाइलवर पाच मिनिटांत पोस्ट तयार होते. त्यासाठी दरवेळी डिझायनर नेमण्याची गरज नाही.

लोगोचे मात्र वेगळे आहे. तयार साच्यातील चित्रे एकाच वेळी असंख्य लोक वापरू शकतात. अशा सामायिक चित्रांपासून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून वापरता येणार नाही, असे कॅनव्हाच्या अटींतच म्हटले आहे. एआयने केलेल्या चित्रात मराठी मजकूर अनेकदा चुकीचा येतो आणि अशा चित्रावर हक्क कोणाचा, याविषयी कायदेशीर अनिश्चितता आहे. गुगलवरून उचललेल्या फोटोचा धोका त्याहून मोठा. कॉपीराइट भंगासाठी कायद्यात दंडाबरोबर तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

छोट्या कंपनीला याचा फायदा झाल्याचे उदाहरण आहे का?

एशियन पेंट्स आज मोठी कंपनी आहे, पण १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी ती एका गॅरेजमध्ये सुरू केली होती. १९५४ मध्ये कंपनीने व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्याकडून एक चित्र करून घेतले. कपाळावर केसांची बट आणि हातात रंगाचा ब्रश असलेला खोडकर मुलगा. तो 'गट्टू' पुढे कित्येक दशके रंगाच्या डब्यांवर राहिला. कंपनी केवळ चित्रामुळे मोठी झाली असे म्हणता येणार नाही. पण कंपनीचे नाव वाचता न येणाऱ्या ग्राहकालाही डबा ओळखता येत होता, हे त्या चित्राचे काम होते.

मराठीत अक्षरांच्या बाबतीत हे काम कमल शेडगे यांनी केले. ४ जुलै २०२० रोजी निधन झालेल्या शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतील नावे अशी रेखाटली की अक्षराच्या वळणावरून नाटक विनोदी की गंभीर, हे प्रेक्षकाला कळत असे. छोट्या व्यवसायाला डिझायनरकडून हवे असते ते यापेक्षा फार वेगळे नाही. नाव पाहताच धंद्याचा स्वभाव कळावा.

पैसे मर्यादित असतील तर सुरुवात कुठून करावी?

जे एकदाच करायचे आणि वर्षानुवर्षे वापरायचे, त्यावर आधी खर्च करावा. म्हणजे लोगो, पाटी आणि लेबलचा मूळ आराखडा. जे रोज बदलते ते स्वतः करावे. डिझायनरला आधीच सांगितले तर तो त्याच रंग-अक्षरांत पोस्टचे दोन-तीन साचे करून देतो आणि पुढे घरातील कोणीही त्यात मजकूर बदलू शकते.

अगदी लहान, ओळखीच्याच गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या धंद्याला सुरुवातीला हा खर्च टाळता येतो. पहिले सहा महिने साध्या लेबलवर माल विकून पाहावा, मग छापील पाऊचकडे वळावे, हा मार्ग अधिक सुरक्षित आहे. खाद्यपदार्थ करणाऱ्या बचत गटांसाठी व शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत ब्रँडिंग व विपणनाच्या खर्चाला ५० टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद ठेवण्यात आली होती. राज्यात ही योजना कृषी विभागामार्फत राबवली जाते. खर्च करण्याआधी सध्याच्या अटी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्याव्यात.

डिझायनर निवडताना काय पाहावे, काय लिहून घ्यावे?

वैजापूरपासून साधारण ७० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरमध्ये शासकीय कला महाविद्यालय आहे. तिथे उपयोजित कला शिकवली जाते. तिथून शिकून स्वतंत्रपणे काम करणारे तरुण छोट्या व्यवसायांना परवडू शकतात. गावातील डीटीपी केंद्रातही उत्तम जाण असलेले लोक असतात. त्यांना पुरेसा वेळ आणि त्या वेळेचे पैसे द्यायला हवेत.

आधी केलेली कामे पाहताना मोबाइलवरील चित्रे नव्हे, तर प्रत्यक्ष छापलेली पाकिटे किंवा लागलेल्या पाट्या पाहाव्यात. मराठी मजकुराचे काम केले आहे का, हे विचारावे. काम देण्यापूर्वी किती पर्याय मिळतील, किती वेळा बदल करता येतील, पैसे कोणत्या टप्प्यांत द्यायचे, फॉन्ट आणि चित्रांचा परवाना कोणाकडे असेल, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्यावे. हक्क हस्तांतरणाचा कागद मात्र स्वतंत्र आणि सहीचा हवा. काम संपल्यावर बदल करता येणारी मूळ व्हेक्टर फाइल, छपाईसाठीची पीडीएफ, पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी लोगो आणि वापरलेल्या रंगांचे क्रमांक मागून घ्यावेत. या फाइल मोबाइलबरोबरच ई-मेलमध्येही ठेवाव्यात.

आणि छपाईला होकार देण्यापूर्वी एक साधी चाचणी घ्यावी. लेबल खऱ्या मापात साध्या कागदावर छापावे, पाकिटावर चिकटवावे आणि धंद्याशी संबंध नसलेल्या कोणाच्या तरी हातात द्यावे. आत काय आहे, वजन किती, किंमत किती आणि तक्रार कुठे करायची, हे त्याला न विचारता वाचता आले, तर पाऊचची ऑर्डर द्यायला हरकत नाही. तो अडखळला, तर नुकसान एका कागदाचे झालेले असते, ५ हजार पाऊचचे नाही.